ट्रॅकबरोबर सायकल उभी करायची सोयही करा

महोदय,

पुण्यात सायकलचा विषय निघाला की बोलणं ट्रॅकवर जातं आणि ट्रॅकवरच संपतं. किती किलोमीटर झाले, किती उखडले, कुठे मध्येच विजेचा डीपी आहे, कुठे टेम्पो लागलेत. हे सगळं बोलायलाच हवं. पण माझं नारायण पेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं, आणि दुकानात येणाऱ्या सायकली वेगळंच सांगतात. चालवून चालवून सायकल बिघडते ती पंक्चर, ब्रेकचे रबर, चेन एवढ्यापुरती. मोठं नुकसान होतं ते ती उभी असताना. रिम वाकलेली, तारा तुटलेल्या, मडगार्ड चेपलेलं, दिवा उपटलेला, सीट गायब. कामावर जाणारा माणूस दिवसातून तासभर सायकलवर असतो. उरलेला सगळा वेळ ती कुठेतरी उभी असते, आणि या उभं राहण्याचा विचार आपल्या शहराने नीट केलेला नाही.

माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एक बाई आहेत. चार-पाच घरी पोळ्या करतात. पहिल्या घरी सकाळी साडेसहाला पोचायचं असतं, बसच्या भरवशावर ते जमत नाही, म्हणून दत्तवाडीहून सायकलने येतात. एका सोसायटीत त्यांना सायकल आत लावू देत नाहीत. आतली जागा सभासदांची, उरली तर पाहुण्यांची. कामाला येणाऱ्यांनी बाहेर लावायची. बाहेर म्हणजे फाटकाजवळ, विजेच्या खांबाला टेकवून. एक दिवस मागे येणाऱ्या टेम्पोने सायकलचं मागचं चाक दाबलं. टेम्पोवाला निघून गेला. कॅरियर हाताने वर उचलून धरत, पुढच्या चाकावर सायकल ढकलत त्या दुकानात आल्या. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढता येईल का ते मी पाहिलं, पण रिम पार दबली होती. नवी रिम, तारांचा सेट, मजुरी. एकेक तार ओढून चाक सरळ करायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्या बाकावर बसून फोनवर पुढच्या घरच्यांना सांगत होत्या, ‘ताई, आज कणीक तुम्हीच मळून ठेवा, मी येतेच.’ त्या दिवशीची कमाई तर गेलीच, वर खर्च बसला. त्यांनी सायकल नीट चालवली होती. लावायला जागा नव्हती, एवढंच.

सायकलवाले म्हटलं की हल्ली लोकांच्या डोळ्यांपुढे रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाणारी, हेल्मेट घातलेली मंडळी येतात. तीही माझी गिऱ्हाइकं आहेत आणि त्यांच्या हौसेचं मला कौतुक आहे. पण त्यांची महागडी सायकल घरात, हॉलमध्ये उभी असते. रस्त्यावर सायकल लावावी लागते ती वॉचमनला, पेपर टाकणाऱ्या मुलांना, हॉटेलात भांडी घासणाऱ्याला, मंडईत हमाली करणाऱ्याला. आणि आमच्या पेठांमधल्या अभ्यासिकांतल्या मुलामुलींना. बीड, परभणी, सोलापूरकडून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली ही पोरं माझ्याकडून जुनी सायकल घेतात आणि गावी परत जाताना बहुतेक वेळा मलाच विकून जातात. अभ्यासिकेच्या जिन्याखाली चार सायकली मावतात. बाकीच्या गल्लीत एकमेकींत अडकून पडलेल्या. एक काढायला गेलं की तिच्या पॅडलमध्ये दुसरीच्या तारा. संध्याकाळी तुटलेल्या तारा बदलायला कोणीतरी दारात उभं असतंच.

आता स्टँडविषयी. जिथे कुठे सायकल स्टँड बसवतात, तिथे बहुधा एकच प्रकार दिसतो. जमिनीलगत लोखंडी पट्ट्यांच्या खाचा, त्यात पुढचं चाक घालायचं. दिसायला व्यवस्थित, पैसे कमी, एका ओळीत वीस सायकली बसल्याचा फोटोही छान येतो. पण सायकलचं चाक वरून येणारं वजन पेलण्यासाठी बांधलेलं असतं. साठ-सत्तर किलोचा माणूस आणि कॅरियरवर धान्याचं पोतं, सगळं ते निमूट पेलतं. बाजूने आलेला रेटा मात्र त्याला सोसत नाही. खाचेत चाक अडकवलेली सायकल वाऱ्याने किंवा शेजारच्या स्कूटरच्या धक्क्याने कलंडली, की सगळी सायकल त्या एका चाकावर पिळते. रिम तिथेच आऊट होते. शिवाय कुलूप लावायचं कशाला? पुढच्या चाकाला. हल्ली बऱ्याच सायकलींचं पुढचं चाक एक खिट्टी फिरवली की निघतं. चोर सायकल घेऊन जातो, कुलूप लावलेलं चाक तेवढं खाचेत राहतं. असं एकटं चाक हातात घेऊन आलेला मुलगा मी पाहिलेला आहे. पहिलं वर्ष होतं कॉलेजचं, सायकल मामाने घेऊन दिलेली.

चांगला स्टँड याहून सोपा असतो. दीड इंची जी.आय. पाइप, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी, उलट्या यू आकारात वाकवलेला. उंची साधारण अडीच फूट, रुंदी तेवढीच किंवा थोडी जास्त, दोन्ही पाय फूटभर खोल काँक्रीटमध्ये. मध्ये एक आडवी पट्टी टाकली तर लहान मुलांची सायकलही टेकते. या कमानीला सायकल आडवी टेकवायची, म्हणजे फ्रेमला दोन ठिकाणी आधार मिळतो आणि एकाच साखळीत फ्रेम आणि चाक दोन्ही कुलूपबंद करता येतात. एका कमानीला दोन्ही बाजूंनी मिळून दोन सायकली. दोन कमानींत सव्वातीन फूट अंतर ठेवावं, नाहीतर हँडल हँडलला अडतं. एक कार साधारण सोळा फूट लांब आणि आठ फूट रुंद जागा घेते. त्याच जागेत पाच कमानी बसतात, म्हणजे दहा सायकली. चकचकीत स्टेनलेस स्टीलच्या भानगडीत पडू नये. ते कापून भंगारात विकायचा मोह होतो. साधा गॅल्व्हनाइज पाइप पावसात वर्षानुवर्षं टिकतो.

हे कुठे बसवायचं, हा प्रश्न मला लोक विचारतात. लक्ष्मी रस्त्यावर मुंगीला जागा नाही, तिथे सायकल कुठे? चौकाच्या तोंडाशी गाडी लावायला बंदी असते, तरी तिथे कार उभ्या राहतात आणि गल्लीतून बाहेर पडणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही. त्या कोपऱ्यात पादचाऱ्यांची वाट सोडून चार-पाच कमानी ठोकल्या तर कार आपोआप हटतील. सायकलच्या आरपार दिसतं, त्यामुळे चौक मोकळाही राहील. महापालिकेने २०१६ साली रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं केली. त्यांत पदपथाच्या कडेला झाडं, दिव्याचे खांब, बाकं यांच्यासाठी एक पट्टा धरला आहे. दोन झाडांच्या मधल्या जागेत कमानी सहज बसतात. चालणाऱ्यांच्या वाटेत मात्र एकही बसवू नये. सायकलसाठी म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर उतरवणं मला मान्य नाही. आणि सायकल दारापर्यंत जायला हवी. भाजी घ्यायला आलेला माणूस वाहनतळाच्या तळघरात उतरून, उतारावरून ती पुन्हा ढकलत वर येणार नाही. तो दुकानासमोरच्या रेलिंगलाच साखळी घालणार.

माझ्या लहानपणी हे वेगळं होतं. पुण्यात तेव्हा सायकलींचा पूर असायचा. शाळेच्या आवारात पत्र्याची शेड, थिएटरबाहेर सायकल स्टँड, तिथे एक राखणदार, तो पत्र्याचा नंबर द्यायचा आणि त्याचा जोड हँडलला अडकवायचा. सिनेमा सुटल्यावर नंबर दाखवून सायकल घ्यायची. त्या काही पैशांत सायकल सुरक्षित असायची आणि एका माणसाचं घर चालायचं. पुढे स्कूटरी आल्या, मोटरसायकली आल्या, आणि बहुतेक स्टँड त्यांनी भरून गेले. राखणदारालाही सायकलपेक्षा मोटरसायकलचे पैसे जास्त मिळू लागले. सायकल कोपऱ्यात, मग भिंतीबाहेर. रस्त्यावरून सायकल हटायच्या आधी ती स्टँडमधून हटली, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

२०१७च्या डिसेंबरमध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. ८०० किलोमीटरहून अधिक लांबीचं सायकलयोग्य रस्त्यांचं जाळं त्यात आहे, सायकल लावण्याच्या सोयीचाही विचार आहे. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या. मोबाइलवर कुलूप उघडायचं, हवं तिथे सोडायची. पिवळ्या, नारिंगी सायकली दीडदोन वर्षं शहरभर दिसल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. मला त्याचं वाईट वाटलं, कारण लोकांनी त्या वापरल्या होत्या. कॉलेजच्या मुली, नोकरदार बायका, ज्यांनी शाळेनंतर सायकलला हात लावला नव्हता, त्या चालवताना मी पाहिल्या. पण ‘हवं तिथे सोडा’ म्हणजे लावायला ठरलेली जागा नाही. पदपथावर आडव्या पडलेल्या, कुणाच्या दारात अडथळा झालेल्या, कुणी सोसायटीत नेऊन ठेवलेल्या. गल्लोगल्ली पक्के स्टँड आधी असते तर त्या सायकलींचे दिवस निराळे गेले असते, असं मला खात्रीने वाटतं. त्या गेल्या म्हणून ‘पुणेकरांना सायकल नको आहे’ असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे.

माझ्या एका गिऱ्हाइकाची मुलगी नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला नोकरी करते. तिथल्या रेल्वे स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींचं वाहनतळ आहे, २०१९ साली पूर्ण झालेलं. पहिले चोवीस तास फुकट. तिने फोनवर फिरून दाखवलं. सायकलवरूनच आत शिरायचं, दोन मजली रॅक, कुठल्या ओळीत किती जागा रिकाम्या ते दिव्यावर दिसतं, आणि आतच दुरुस्तीचं दुकान. त्या दुकानावर माझी नजर खिळली होती, हे सांगायला नको. आपल्याकडे लगेच तसं व्हावं असं मी म्हणत नाही. पण वनाझपासून रामवाडीपर्यंत आणि पिंपरीपासून स्वारगेटपर्यंत मेट्रो धावते आहे. घर ते स्थानक हे दोन-तीन किलोमीटरचं अंतर सायकलचंच आहे. प्रत्येक स्थानकाच्या जिन्याशेजारी छपराखाली पन्नास-शंभर सायकली राहतील एवढी जागा आणि सीसीटीव्हीची नजर, एवढं तरी हवं. छप्पर चैनीचं नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज दहा तास पावसात भिजलेल्या सायकलची चेन आणि चाकाच्या मधल्या हबमधले छर्रे कसे गंजतात, ते माझ्याकडे येऊन पाहावं.

ट्रॅकविषयी एकच सांगतो, कारण ते माझ्या कामाशी निगडित आहे. पावसाळी गटारांवर ज्या लोखंडी जाळ्या बसवतात, त्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असल्या तर सायकलचं बारीक चाक सरळ आत जातं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. तीच जाळी फिरवून पट्ट्या रस्त्याला आडव्या केल्या की धोका संपतो. पैसा लागत नाही, बसवताना लक्ष लागतं.

चोरीबद्दल वाचकांना एक विनंती. पॅडलचा दांडा जिथे फिरतो, त्याच्या खालच्या बाजूला बहुतेक सायकलींच्या फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो. सायकल उलटी करून तो आजच मोबाइलवर टिपून ठेवा, बिलाचाही फोटो ठेवा. तक्रार द्यायला गेल्यावर पहिला प्रश्न तोच येतो. सायकल सापडली तरी नंबराशिवाय ती तुमचीच हे सांगता येत नाही.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. कामाला येणाऱ्या मावशी, कचरा नेणारे, गाड्या पुसणारे यांच्यासाठी एका कारएवढी जागा फाटकाच्या आत द्या. दहा सायकली राहतात, हिशेब वर दिलाच आहे. नव्या इमारतीचा नकाशा मंजूर करताना महापालिकेनेही तळमजल्यावर, जिना न चढता पोचता येईल असा सायकलींचा चौकोन मागावा आणि नंतर तिथे स्कूटर लागत नाहीत ना, हे पाहावं.

महापालिकेकडे मागणी एवढीच आहे की ट्रॅकचं काम चालू राहू दे, पण पुढच्या पावसाळ्याच्या आत मंडई, शनिपार, अलका चौक आणि स्वारगेट या चार ठिकाणी तरी पाइपच्या कमानी बसवा. त्यांवर मोटरसायकल लावली तर दंड करा. महिनाभर दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला किती सायकली लागतात ते मोजा आणि मग पुढच्या जागा ठरवा. खाचांचे स्टँड आता नव्याने घेऊ नका. निविदा काढण्याआधी कमानीचा एक नमुना बनवून माझ्या दुकानात आणला तर लेडीज सायकल, जुनी बावीस इंची, गिअरची, लहान मुलांची अशा चारही त्याला लावून कुठे अडतं ते मी विनामूल्य दाखवून देईन. दुकान सकाळी नऊला उघडतं, सोमवारी बंद असतं.

आपला,
एक सायकल दुरुस्तीवाला,
नारायण पेठ, पुणे ३०