गंजलेल्या जहाजाची गोष्ट

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, साऊथ चायना सी म्हणजे चीन आणि अमेरिकेचं भांडण, बाकीचे सगळे प्यादे, तेव्हा मी घाईत होतो म्हणून हो हो करून सोडून दिलं, पण ते डोक्यातून जाईना.

अरे, सिएरा माद्रे हे जहाज बघ. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे उतरवायला बांधलेलं, फिरत फिरत फिलिपिन्सच्या नेव्हीकडे आलं आणि 1999 मध्ये त्यांनी ते मुद्दामच सेकंड थॉमस शोल नावाच्या उथळ पाण्यातल्या खडकावर नेऊन रुतवलं. का, तर 1995 मध्ये चीनने शेजारच्या मिसचीफ रीफवर बांधकाम उभं केलं होतं, आता इथेही तेच होणार म्हणून यांनी आधीच पाचर मारली. हे काही अमेरिकेने सुचवलं नव्हतं बरं का! तेव्हापासून मूठभर सैनिक त्या भंगारात राहतात, पत्र्याला जागोजागी भोकं पडलीत, फोटो बघितलास तर अंगावर काटा येईल.

खरी मेख पुढेच आहे. ते जहाज कागदोपत्री अजून नेव्हीच्या सेवेत आहे, म्हणजे त्याच्यावर सशस्त्र हल्ला झाला तर 1951 चा अमेरिकेबरोबरचा एकमेकांच्या संरक्षणाचा करार मध्ये येतो. म्हणून चीन गोळी झाडत नाही, पाण्याचे फवारे मारतो, बोटी आडव्या घालतो. खायचं-प्यायचं न्या, पण बांधकामाचं सामान नको म्हणतो, कारण डागडुजी झाली नाही तर जहाज आपोआप मोडेल, चीनला नुसतं थांबायचंय. 17 जून 2024 ला तर चिनी कोस्ट गार्डवाले चाकू-कुऱ्हाडी घेऊन आले आणि त्या झटापटीत एका फिलिपिनो खलाशाचा अंगठा तुटला. पुढच्याच महिन्यात रसद नेण्यापुरती दोघांची तात्पुरती समजूत झाली, पण भांडण मिटलं असं मी तरी म्हणणार नाही.

2016 चा आंतरराष्ट्रीय लवादाचा निकाल फिलिपिन्सच्या बाजूने लागला होता, शोल त्यांच्या 200 सागरी मैलांच्या हद्दीत येतो असं स्पष्ट सांगितलं, चीनने तो मानलाच नाही. मग फिलिपिन्सने आपल्याकडून ब्रह्मोस क्षेपणास्त्र घेतलं, 2022 चा करार, साधारण 37.5 कोटी डॉलरचा, पहिली खेप एप्रिल 2024 मध्ये पोचली. मला याचा अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू, पण त्या पत्र्याला ठिगळ लावायला ब्रह्मोसचा काय उपयोग?

तुझं प्याद्यांचं म्हणणं अजून तेच असेल तर रविवारी फोन कर, आठवडाभर माझी नाईट आहे.

तुझाच,
बाळ्या