आईच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत जुन्नरजवळच्या आमच्या गावी, शेजारच्यांच्या खळ्यावर आपण आपली जुनी, अडीच इंची भिंगाची दुर्बीण लावली होती आणि माझ्या आईला हंस तारकासमूहाच्या चोचीतला अल्बिरिओ हा जोडतारा दाखवला होता. त्या रात्री आम्ही नुसते 'थँक्यू' म्हणून घरी आलो. आईशी झालेल्या पुढच्या बोलण्यानंतर ते फारच तोकडे होते असे वाटू लागले, म्हणून हे पत्र.

अल्बिरिओ आम्ही त्याआधीही पाहिला होता, किंवा पाहायला गेलो होतो असे म्हणणे जास्त खरे ठरेल. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात आई अर्धा तास रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आल्यावर दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या तरुणाने तिने डोळा लावण्याच्या आधीच सांगून टाकले, "एक सोनेरी, एक निळा. दिसला ना आजी?" आई म्हणाली, "दोन दिसतात, पण निळा काही दिसत नाही." "नीट बघितलं नसेल, चला, पुढच्यांना येऊ द्या," असे उत्तर आले आणि रांगेत कोणीतरी हसले. मला आज लाज वाटते ती त्या हसण्याची नाही. आईचा दंड धरून तिला बाजूला घेताना मीसुद्धा "अगं, असतो निळा" असे म्हणाले होते, त्याची वाटते. त्यानंतर मी घरी एक दुर्बीण आणली. तिच्या खोक्यावर '५२५ पट' असे ठळक छापले होते आणि तिच्या स्टँडला नुसता हात लागला तरी चंद्रसुद्धा नाचत असे. आई तिच्याजवळ एकदाही फिरकली नाही.

आपल्या दुर्बिणीतून ताऱ्याकडे जेमतेम २८ पट मोठे करून पाहायचे होते. या जोडीतले अंतर सुमारे ३५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) असल्यामुळे तेवढे पुरते, हे आपणच सांगितलेत. आईला वाकावे लागू नये म्हणून आपण तिपाईचे पाय आखूड केलेत, घरातून प्लास्टिकची खुर्ची मागवलीत आणि ती बसल्यावर नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे भिंग, तिच्या डोळ्याच्या उंचीला आणलीत. आणि नंतर, ज्याच्यासाठी हे पत्र लिहीत आहे ती गोष्ट केलीत: आपण गप्प बसलात. रंगांचे नावही काढले नाहीत. तारा सरकून कडेला गेला की हळूच पुन्हा मध्यावर आणून द्यायचात आणि परत मागे सरायचात. बऱ्याच वेळाने विचारलेत, "ताई, काय दिसतंय?"

आई म्हणाली, "एक पिवळा आहे. दुसरा मळकट पांढरा." माझ्या तोंडून "अगं, निळा" निघणारच होते, तेवढ्यात आपण हाताने मला थांबवलेत आणि म्हणालात, "त्यांना दिसतंय तसंच दिसत असणार." मग आईला विचारलेत, "कुठल्या डोळ्यानं बघताय?"

ती सवयीने डावा डोळा लावून बसली होती. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन श्रावणात झाले होते. डावा अजून व्हायचा आहे. आपण म्हणालात, "माझेही दोन्ही झालेत. आता उजवा लावून बघा." नेत्रिकेचे चाकही आपण किंचित फिरवलेत, कारण ठिपके जरासे पसरले की रंग उठून दिसतात. आई एकदम ताठ झाली. "अगं बाई, हा तर मोरचुदासारखा निळा आहे!" पुढची दहा मिनिटे ती एकदा डावा, एकदा उजवा डोळा लावत बसली होती आणि मागे उभ्या असलेल्या पोरांपैकी एकालाही आपण घाई करू दिली नाहीत.

वय वाढले, मोतीबिंदू झाला की डोळ्याचे भिंग पिवळसर, तपकिरी होत जाते आणि निळा प्रकाश आतल्या आत अडवते, हे आपण तिला कसलाही आव न आणता समजावलेत. म्हणजे दोन वर्षांपूर्वी तिने सांगितले होते ते अगदी खरे होते. घरी आल्यावर ती म्हणाली, देवघरातले निळे वस्त्र महिनाभर तिला एका डोळ्याने निळे आणि दुसऱ्याने हिरवट दिसत होते. पण सांगितले तर आम्ही घरचे पुन्हा हसू, म्हणून ती बोलली नव्हती. काका, हे वाक्य ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

आपण त्या रात्री सांगितलेले बाकीचेही आई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. पिवळा तारा फुगलेला आणि तुलनेने थंड, पृष्ठभाग सुमारे ४,३०० केल्विन. निळा त्याच्या तिप्पट तापलेला, १३,००० केल्विनच्या आसपास. पिवळा स्वतःच पुन्हा जोडी आहे, पण ती आपल्या दुर्बिणीत दोन वेगळ्या ताऱ्यांसारखी दिसत नाही. अरबांनी या जागी हंस न पाहता कोंबडी पाहिली आणि ताऱ्याला तिची चोच म्हटले, हा तिचा सर्वांत आवडता भाग. हे दोन तारे खरोखर एकमेकांभोवती फिरतात की वेगवेगळ्या अंतरावर असून केवळ एका रेषेत दिसतात, असे तिने विचारले तेव्हा, "अजून नक्की झालेलं नाही, ताई, नव्या मोजमापांत दोघांच्या चाली जुळत नाहीत," असे आपण म्हणालात. जाणकार माणसाला "नक्की नाही" म्हणताना मी फार कमी वेळा ऐकले आहे. माहिती असणारे पुष्कळ भेटतात आणि ती भराभर ओतूनही जातात. समोरच्याला काय दिसते हे आधी विचारणारा सभ्यपणा त्या मानाने दुर्मीळच, घरातही.

आईच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन पौषात ठरले आहे. तोवर हंस संध्याकाळीच मावळतीला टेकलेला असेल. वैशाखात तो मध्यरात्रीनंतर पूर्वेला चांगला वर आलेला असतो, असे आपण म्हणाला होतात. तेव्हा गावी येणार असाल तर आधी कळवावे, असा आईचा निरोप आहे. खुर्ची तिने वेगळी काढून ठेवली आहे आणि त्या वेळी पहिल्यांदा डावा डोळा लावायचा, हेही तिचे ठरले आहे.

आपली नम्र,
खुर्चीवरच्या ताईंची मुलगी