अंकात नाव नाही, पण नोकरी आहे

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, पेपरच्या अंकात माझं नाव दिसत नाही म्हणून तुम्ही काळजीत आहात, असं आई म्हणाली. नोकरी शाबूत आहे. मला डिजिटलला घेतलंय. नाव रोज येतं, पण वेबसाइटवर.

आपल्या देवगडला येते ती डाक आवृत्ती. ती संध्याकाळीच सोडावी लागते, म्हणून रात्रीची बातमी तुम्हाला एक दिवस उशिरा मिळते. इथे तसं नाही. आधी चार ओळी टाकायच्या, मग फोटो, मग कलेक्टरांचं म्हणणं. तासाभरात मथळा बदललेला असतो. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्रींनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढलं ते पाक्षिक होतं. हेवा वाटतो. आमच्या वार्ताहराला आता बातमी लिहून भागत नाही. बंदरावर उभं राहून व्हिडिओही त्यानंच करायचा. मानधन मात्र तेवढंच.

समोर एक स्क्रीन असते. या घटकेला कुठली बातमी किती जण वाचताहेत, ते तिच्यावर दिसतं. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या सकाळी आकडा नुसता पळतो, सगळे चाकरमानी तिथेच. दुसऱ्या दिवशी मी बंदरातल्या गाळावर लिहिलं, तर आकडा हलेना. अंकात हीच बातमी पाचव्या पानावर निमूट छापून आली असती. ती किती जणांनी वाचली हे संपादकांना कळायचं नाही, तेच बरं होतं. आता गाळावर पुन्हा लिहायचं तर आधी मीटिंगमध्ये भांडावं लागतं. भांडते.

आणि हो, अंक बंद करू नका. वेबसाइटच्या जाहिरातींना पैसा कमी, आमचा पेपर अजून छापील जाहिरातींवरच चालतो.

आई, वाडीच्या ग्रुपवर आमच्या लोगोची कार्डं फिरतात ना, ती लगेच पुढे ढकलू नकोस. लोगो कोणीही चिकटवतो. बातमी आमची असेल तर वेबसाइटवर तारीख-वेळेसकट सापडते. तिथे नसेल तर मला फोन कर. २०२१ च्या तौक्ते वादळात वीज गेली, टॉवर बसले, तेव्हा खरं-खोटं विचारायलाही कोणी नव्हतं. आता तशी अडचण नाही.

चतुर्थीला येते तेव्हा बाबांच्या मोबाइलवर ई-पेपर लावून देईन. अक्षर हवं तेवढं मोठं होतं. तरी त्याआधी कणकवलीला जाऊन डोळे दाखवून या, टाळू नका.

तुमची,
मनू