‘माणूसघाणी’ हा शब्द मागे घ्यावा

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘द ब्रिज’ या स्वीडन-डेन्मार्कच्या गुन्हेमालिकेबद्दल एका वाचकाचे पत्र होते. मालिका त्यांना आवडली, पण तिची नायिका, माल्मोची पोलीस अधिकारी सागा नोरेन, ‘माणूसघाणी आणि उद्धट’ वाटली. त्या एका शब्दाने मला रात्रभर झोप लागली नाही. मी या मालिकेची चारही पर्वे पाहिली आहेत आणि ती माझ्या २७ वर्षांच्या मुलीशेजारी बसून पाहिली आहेत. तिला १९व्या वर्षी स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले.

ही मालिका २०११ साली सुरू झाली. दोन देशांना जोडणाऱ्या ओरेसुंड पुलावर, नेमका सरहद्दीच्या रेषेवर, एक मृतदेह सापडतो. स्वीडनकडून सागा येते, कोपनहेगनहून मार्टिन रोडे. तपास सुरू असताना हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी निघालेल्या रुग्णाची रुग्णवाहिका पुलावर अडकते. त्याची बायको हातापाया पडते, सागा सोडत नाही, कारण पुरावे तुडवले जातील. मार्टिन तिला न विचारता गाडी सोडतो आणि सागा त्याला तोंडावर सांगते की मी तुमची तक्रार करणार. वाचकांना उद्धटपणा दिसला तो बहुधा इथे. माझ्या मुलीने मात्र रिमोट घेऊन चित्र थांबवले आणि म्हणाली, “बाबा, दोघंही बरोबर आहेत. अशा वेळी काय करायचं, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवायला हवं होतं.”

ज्याला माणसांची घाण वाटते तो माणूसघाणा. सागाला माणसे नकोशी नाहीत. समोरचा जे बोलत नाही, नुसते सुचवतो, ते तिला ऐकू येत नाही. म्हणून ती सरळ विचारते आणि सरळ सांगते. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी मार्टिनच्या हातून खून झाला अशी तिची खात्री पटते, तेव्हा ती त्यालाही पोलिसांच्या हवाली करते. तिचा तो एकुलता एक मित्र. (अजून पाहिली नसेल त्यांची माफी मागतो, पण हे लिहिल्याशिवाय मुद्दा कळणार नाही.) सोफिया हेलिन या अभिनेत्रीने त्या क्षणी चेहऱ्यावर फार काही दाखवलेले नाही. आमच्या घरी मुलगी उठून बाल्कनीत गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. तिला दुःख झाले नाही असे कोण म्हणेल?

आपल्या मालिकांत आजवर उलटेच होत आले. ‘नजर चुकवतो’ म्हणजे तोच गुन्हेगार, हे आपण लहानपणापासून पडद्यावर शिकलो. त्याची किंमत माझ्या मुलीने मोजली आहे. सीताबर्डीवरच्या एका कापडाच्या दुकानात ती ओढण्यांचे काठ बोटांनी चाचपत होती. कापडाची वीण तिला बोटांनी कळते. विक्रेता बोलायला आला तर तिची नजर जमिनीवर. दाराशी चौकीदाराने अडवले. “नजर चुकवून राहिल्या होत्या जी या, पर्स दाखवा.” मी चिडलो, माझा आवाज चढला. ती मात्र खाली पाहूनच म्हणाली, “पर्समध्ये मेट्रोचं कार्ड, किल्ली, कानात घालायचे बोळे आणि एकशेचाळीस रुपये आहेत.” पर्स उघडली, तेवढेच निघाले. दुकानातले कोणीही ‘चुकलं’ म्हणाले नाही. त्या दुकानात ती पुन्हा कधी गेली नाही.

दुसरा त्रास कौतुकाचा. पडद्यावरच्या अशा माणसाला लेखक हटकून अफाट बुद्धी देतात. मग लग्नाकार्यात नातेवाईक मला बाजूला घेऊन विचारतात, “हिला काय विशेष येतं, भाऊजी?” विशेष काही येत नाही. ती सुभाषनगरहून मेट्रोने अग्रसेन चौकाला उतरते आणि एका औषधांच्या ठोक दुकानात आलेल्या मालाचे बॅच नंबर आणि मुदतीच्या तारखा तपासते. मध्यंतरी खोक्यावरचा नंबर आणि आतल्या पट्टीवरचा नंबर जुळत नाही, हे तिने पकडले. त्यात जादू नव्हती. बाकीचे वरचा एक डबा बघतात, ती प्रत्येक पट्टी वाचते. वेळ जास्त लागतो आणि मालक तो देतात. मालिकेत सागाचा साहेब हान्स तिला असाच सांभाळतो. कुठे काय बोलू नये हे एकट्यात सांगतो, चारचौघांत नाही.

‘स्वमग्न’ हा आपला शब्दही मला खटकतो. माझी मुलगी स्वतःत मग्न नाही. शेजारच्या काकूंच्या गोळ्या कोणत्या दिवशी संपणार, हे काकूंच्या आधी तिला माहीत असते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये स्वमग्नतेचा समावेश झाला, प्रमाणपत्र मिळते, हे चांगलेच आहे. पण दुकानाच्या दाराशी प्रमाणपत्र कोणी विचारत नाही. तिथे लोक टीव्हीवर पाहिलेले आठवतात.

म्हणून मराठी वाहिन्यांच्या लेखकांना कळकळीची विनंती आहे. १९८५च्या ‘करमचंद’ मालिकेत गुप्तहेर झालेल्या पंकज कपूर यांचे गाजर खाणे आम्ही हौसेने पाहिले, पण तऱ्हेवाईक गुप्तहेर म्हणजे हसण्याची सोय, एवढ्यावर आता थांबू नका. ‘द ब्रिज’ने सागाच्या स्वभावाला वैद्यकीय नाव कुठेही दिले नाही आणि तिच्या वाक्यांवर कोणाला हसवले तरी तिला हास्यास्पद केले नाही. अशी अधिकारी नागपुरातही असू शकते. मारबतीच्या मिरवणुकीत ढोलांनी जीव कासावीस होतो म्हणून कानात बोळे घालून उभी, आणि तरी गर्दीतल्या एका माणसाच्या चपलेचा तुटलेला अंगठा लक्षात ठेवणारी. तिला लिहिण्याआधी अशा दोन-चार मुलामुलींबरोबर आठवडाभर बसा. तिच्या शेजारी मार्टिनसारखा सहकारी द्या, जो चिडेल, भांडेल, पण तिच्या मागे तिची नक्कल करणार नाही. आणि शेवटच्या भागात तिला ‘बरी’ करून तिचे लग्न लावू नका.

एक वडील,
त्रिमूर्तीनगर, नागपूर