पालथ्या कॅनोपाशी बसून

कोल्हापूर,
18 नोव्हेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा हात रेझिननं चिकट होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. आपली कॅनो, ती वल्ह्यांची लांबट होडी, परड्यात दोन जुन्या टायरांवर पालथी घातलीय. तळ बघितलास तर पोटात कालवेल. मधला भाग धड आहे, पण दोन्ही टोकांना, जिथं ती काठाला टेकते, तिथला जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, पार गेलाय आणि फायबरचे धागे उघडे पडलेत. जेलकोट असतो तरी किती, जेमतेम अर्धा मिलिमीटर! 2019 च्या महापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी 55 फुटांवर गेलं होतं, तेव्हा गल्लीत पाणी घोट्याएवढंच राहिलं तरी आपण ती डांबरावरून माणसांसकट ओढली, आठवतं ना? त्याच आठवड्याच्या खुणा आहेत या. तिला भंगारात घालायला माझा जीव होत नाही, मर्दा.

घाई मात्र नडली. ऑगस्टातच इपॉक्सीचा, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणाऱ्या रेझिनचा, पहिला हात मारला, बाहेर पावसाची झड. सकाळी बोट फिरवलं तर मेण चोळल्यासारखा तुळतुळीत थर. त्यावर दुसरा हात धरलाच नाही, पापुद्रे सुटले. हार्डनरमधलं अमाइन नावाचं रसायन दमट हवेत असा थर सोडतं. साध्या पाण्यानं घासून धुतला असता तरी गेला असता, पण तेव्हा ते ठाऊक नव्हतं. सगळं खरवडावं लागलं.

आता ऊन चांगलं आहे. 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासलं, अ‍ॅसिटोननं पुसलं आणि फायबरच्या कापडाचे लांबट गोल तुकडे लावले. कोपरा ठेवला की तिथूनच कापड उचलतं. पांढरंशुभ्र कापड रेझिन पिऊन हळूहळू काचेसारखं आरपार होतं आणि खालचे जुने ओरखडे वर दिसायला लागतात. ते बघायला तू इथं हवा होतास. कुठं पांढरा ठिपका राहिला तर आत हवा अडकलेली असते, ती रबरी पट्टीनं कडेला रेटायची.

रंग राहिलाय. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, पिवळी पडते, म्हणून रंगाआधी पाण्यात घालणार नाही. निळाच द्यायचा का, ते कळव.

डिसेंबरात ये. प्रयाग चिखलीच्या संगमापासून पंचगंगा घाटापर्यंत जाऊ. घाट आला की दोघांनी पाण्यात उतरायचं आणि तिला उचलून घ्यायचं. पायरीवर ओढायची नाही, एवढं कबूल कर.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दोस्त