पडत्या बाजारात नाणी मोजताना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

क्रिप्टोचा बाजार पडत असताना घाबरून विकू नका, उलट थोडी थोडी नाणी जमवत राहा आणि हिशेब पैशांत न ठेवता नाण्यांत ठेवा, असं सांगणारा लेख आपल्या अर्थविषयक पानावर वाचला. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. त्या अर्ध्या सल्ल्याने मी स्वतः पोळलो आहे, म्हणून लिहितो.

ठरावीक रकमेचा हप्ता हा पडत्या बाजारातला सगळ्यात भरवशाचा मार्ग, हे मलाही मान्य आहे. समजा, दर महिन्याला १०० डॉलर लावले. भाव १० असताना १० नाणी आली, ५ झाला तेव्हा २०, २ वर उतरला तेव्हा ५०. ३०० डॉलरमध्ये ८० नाणी, म्हणजे एक नाणं पावणेचारला पडलं. भाव पुन्हा ४ झाला की आपण सुटलो, १० ची वाट बघायची गरज नाही. गणित चोख आहे. फक्त ते नाणं २ वरून ४ वर यायला हवं, आणि त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

२०२१ च्या अखेरीस मी एका छोट्या नाण्यासाठी वहीत तीन रकाने आखले होते: तारीख, रक्कम, जमा नाणी. भाव उतरायचा, तिसरा रकाना फुगायचा आणि मला धीर यायचा. बाजारात एकूण किती नाणी आहेत, हा चौथा रकाना मी आखलाच नव्हता. सुरुवातीच्या गुंतवणूकदारांच्या अडकवून ठेवलेल्या नाण्यांची मुदत संपत होती आणि ती दर महिन्याला विक्रीला येत होती. माझी नाणी दुप्पट झाली तोवर बाजारातली तिपटीच्या पुढे गेली होती. ती वही अजून आहे. त्या नाण्याला आज गिऱ्हाईक नाही.

याचं टोकाचं रूप मे २०२२ मध्ये ‘लुना’च्या बाबतीत जगाने पाहिलं. एप्रिलमध्ये ११० डॉलरच्या वर गेलेलं नाणं महिन्याभरात मातीमोल झालं. जोडीच्या ‘यूएसटी’ या दुसऱ्या नाण्याची किंमत एका डॉलरवर टिकवण्यासाठी लुना छापत राहण्याचीच त्याची रचना होती. काही दिवसांत सुमारे ३५ कोटी नाण्यांची साडेसहा लाख कोटी झाली. पडत्या भावात सरासरी करणाऱ्यांच्या हातात नाणी तर लाखांनी आली असतील!

बिटकॉइनचं तसं नाही. २.१ कोटींच्या वर ती निघणार नाहीत आणि नवी नाणी निघण्याचा वेग साधारण दर चार वर्षांनी निम्मा होतो. म्हणून तिथे नाण्यांत हिशेब ठेवण्याला अर्थ आहे. पण धीर तिथेही मोठाच लागतो. डिसेंबर २०१७ मध्ये २० हजार डॉलरच्या जवळ गेलेला भाव वर्षभरात सव्वातीन हजारांच्या खाली आला आणि जुनी पातळी गाठायला डिसेंबर २०२० उजाडला. नोव्हेंबर २०२१ मधला ६९ हजारांचा उच्चांक मार्च २०२४ मध्ये मोडला. मधल्या काळात भाव १६ हजारांखालीही जाऊन आला होता. तीन वर्षं लागणार नाहीत असेच पैसे हप्त्याला लावावेत, असं मी म्हणतो ते यावरून. शिवाय २०१८ मध्ये भाव कित्येक आठवडे सहा हजारांच्या आसपास थबकला, तेव्हा हाच तळ समजून अनेकांनी होतं नव्हतं ते ओतलं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तो जवळपास निम्मा झाला, तेव्हा त्यांचे हात रिकामे होते. रक्कम आणि तारीख आधी ठरवून टाकली की तळ ओळखायची पाळीच येत नाही.

उसने पैसे किंवा लिव्हरेज (थोडी रक्कम भरून उधारीवर केलेला मोठा सौदा) घेऊन जमवाजमव करणाऱ्याला तर वाट बघायची मुभाच नसते, एका रात्रीच्या घसरणीत सौदा आपोआप कापला जातो. आणि नाणी व्याजावर ठेवून वाढवायचा मोह पडलाच, तर जून २०२२ आठवावा. लोकांची नाणी ठेवून घेऊन व्याज देणाऱ्या ‘सेल्सियस’ कंपनीने ग्राहकांचं पैसे काढणं थांबवलं आणि पुढच्याच महिन्यात दिवाळखोरी जाहीर केली. नाणी होती, पण चावी दुसऱ्याकडे.

आपल्याला एकच विनंती. यापुढे अशा लेखात एखाद्या नाण्याचं नाव छापाल, तेव्हा शेजारी चलनातली एकूण नाणी आणि वर्षभरापूर्वीचा तोच आकडा, एवढं चौकटीत द्यावं.

आपला,
एक नियमित वाचक