अजिंठ्यातल्या सोबत्यांचे आभार

एरवी मी एकटीच फिरते. ६८व्या वर्षी पहिल्यांदा ज्येष्ठांच्या अभ्यास सहलीत नाव घातलं, तेही धाकधुकीनंच.

दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८१९ साली खांबावर खरवडलेलं नाव मी खालीच शोधत होते. गाइडताई म्हणाल्या, "मावशी, वर बघा. तेव्हा इथे ढिगारा होता, त्यावर उभं राहून लिहिलंय." ताई, पुस्तकात वाचूनही हे कधी डोळ्यांपुढे आलं नव्हतं!

डोलीवाले दादा, गुडघा अडून बसला तरी सव्विसाव्या लेण्यातल्या पहुडलेल्या बुद्धापर्यंत तुम्ही मला नेलंत, वर माझ्या चपला सांभाळत बाहेर थांबलात. आणि खोलीतल्या सोबतीणबाई, माझ्या घोरण्याबद्दल (मी घोरते, ठाऊक आहे मला) तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचा थर्मास माझ्या पिशवीत आलाय.